तिसरी चकती

चिपळूणच्या बाजारपेठेत पंपांचं दुकान चालवणाऱ्या दिगंबर रेडीजांना यंत्रांची भीती कधीच वाटली नाही; वाटायची ती पाण्याची. एकवीस सालच्या पुरात दुकानातला माल गेला, तो त्यांनी हळूहळू पुन्हा उभा केला. पण घरातल्या लोखंडी कपाटातले अल्बम चिखलाचे गोळे होऊन बाहेर आले, ते काही पुन्हा उभे राहणार नव्हते. लग्नाचे फोटो, मुलीचं बारसं, आईचा एकुलता एक फोटो, सगळं गेलं. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, की जपायचं ते कागदावर ठेवायचं नाही. जे उरलं होतं आणि नातेवाइकांकडून जे परत मिळालं, ते सगळं त्यांनी स्कॅन करून क्लाउडवर चढवलं.

पुरानं त्यांना आणखी एक सवय लावली. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं, की ते बाजारपुलावर जात, कठड्याला टेकून वाशिष्ठीचं पाणी बघत आणि फोनमध्ये बोलून ठेवत. पाणी आज कुठवर आहे, रंग कसा आहे, वरून धरणाचं सोडलंय का. सुरुवातीला फक्त पावसाळ्यात. पुढे बारा महिने जाऊ लागले आणि नदीबरोबर बाकीचंही बोलू लागले. त्यांची बायको शैलजा चिडवायची, "माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर तोंड दुखतं आणि त्या नदीशी तासभर गप्पा." ते नुसते हसायचे. ती रेकॉर्डिंगं कुणी कधी ऐकली नव्हती.

अडतीस साली जगभर कुलपांचा प्रश्न उभा राहिला. इंटरनेटवरची बरीचशी कुलपं तोवर एका साध्या गोष्टीवर टिकून होती. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायला कुठल्याही संगणकाला क्षण पुरतो. पण नुसता गुणाकार हातात देऊन 'या कुठल्या दोन संख्या होत्या?' असं विचारलं, तर जगातला सर्वांत वेगवान संगणकही जन्मभर बसून राहील. क्वांटम संगणकांनी ही अडचणच काढून टाकली. ते एकेक शक्यता तपासत बसत नाहीत. सगळ्या शक्यतांच्या लाटा एकमेकींवर आदळू देतात, चुकीच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बरोबर उत्तराची तेवढी उरते. अशी यंत्रं मोजक्याच ठिकाणी होती, पण मोजकीही पुरेशी होती. कारण चोरांच्या टोळ्यांनी लोकांच्या कुलूपबंद फायली वर्षानुवर्षं उचलून ठेवल्या होत्या, आज ना उद्या उघडतील म्हणून. त्या उन्हाळ्यात कुणाचे आजारपणाचे रिपोर्ट, कुणाची घरगुती भांडणं चव्हाट्यावर यायला लागली. नव्या पद्धतीची, या यंत्रांनाही न जुमानणारी कुलपं तयार होती. पण जुन्या जागेवरचं सगळं नव्या तिजोरीत हलवायचं काम ज्याचं त्यालाच करायचं होतं. आणि तिजोऱ्या तर ढिगानं निघाल्या होत्या.

रेडीजांच्या घरी हा विषय एका रविवारी सकाळी, घावण्यांच्या ताटांवर निघाला. मुलगी ऋजुता पुण्याहून आली होती. ती एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला होती. कराडच्या निनाद जगदाळेशी झालेलं तिचं लग्न त्याच वर्षी मोडलं होतं. निनादची आई अंथरुणाला खिळलेली, त्याला कराड सोडता येईना. ऋजुताला पुण्याचं काम सोडता येईना. दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती. शेवटी शेवटी दोघांच्या तोंडून नको ते निघालं. त्यानंतर या घरात निनादचं नाव कुणी काढत नसे.

शैलजाचं मत, सगळं एखाद्या मोठ्या कंपनीकडे द्यावं. "किल्ली त्यांच्याकडेच असते. आपण विसरलो तरी ते उघडून देतात. चेहरा दाखवला की झालं."

"म्हणजे त्यांना उघडता येतं," दिगंबर म्हणाले.

"ते कशाला बघत बसतील आपले फोटो?"

"माणूस नाही बघत, आई. यंत्र बघतं," ऋजुता म्हणाली. "तुझा गुडघा दुखतोय हे तुझ्या मैत्रिणींच्या आधी त्यांना कळतं."

"कळू दे की. निदान एखादं मलम तरी सुचवतील!"

दिगंबरांनी मात्र 'चौकडी' नावाची एक सेवा हेरून ठेवली होती. तिच्यात किल्ली कंपनीकडे नसतेच. किल्लीचे चार तुकडे होतात, ते आपण आपल्या विश्वासाच्या चार माणसांना द्यायचे. त्यांतले कुठलेही तीन एकत्र आले की तिजोरी उघडते. दोन आले तर काहीच होत नाही.

"काहीच म्हणजे? निम्मी तरी उघडेल," शैलजा म्हणाली.

"नाही उघडत. आता बघ." दिगंबरांनी घावण्याचा हात पुसला. "पंप चालू आहे, पाइपातून धार उडतेय. ती कशी पडते? वाकून पडते. समज पाइप भिंतीच्या पलीकडे आहे, तुला दिसत नाही. धार हवेत तीन ठिकाणी किती उंचीवर होती एवढं मी तुला सांगितलं, तर तिचं वळण पक्कं ठरतं. मग मागे मागे जाऊन पाइपाचं तोंड भिंतीवर किती उंचीला आहे ते अचूक सांगता येतं. ती उंची म्हणजे आपली किल्ली. पण दोनच ठिकाणं सांगितली, तर त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या हजार धारा काढता येतील. कुठली खरी? देवालाही सांगता येणार नाही. चौघांकडे धारेवरची एकेक जागा असते, बस."

शैलजाला धार समजली. पटलं मात्र नाही. "आणि तीन माणसं जमली नाहीत तर?"

"मालकाला वेगळी वाट असते. सहा शब्दांचं एक वाक्य. ते इथे," असं म्हणून त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

महिन्याभरात त्यांनी सगळं हलवलं, जुनी खाती पुसून टाकली. किल्लीचे तुकडे सुपारीएवढ्या प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये आले होते. एक त्यांनी शैलजाला दिली, एक ऋजुताला. तिसरी दापोलीला आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला दिली. अक्कानं ती सगळ्या गल्लीला दाखवली. चौथी कुणाला दिली ते त्यांनी सांगितलं नाही. "चारी नावं एकाला कळली, तर कुलपाला अर्थ काय?" एवढंच म्हणाले. शैलजानंही फार लावून धरलं नाही. तिनं चकती देवघरातल्या डब्यात टाकली आणि विसरून गेली.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, दुकानात एका गिऱ्हाइकाला पंप समजावून सांगताना दिगंबरांचं वाक्य मध्येच थांबलं. गिऱ्हाइकाला वाटलं, शब्द आठवताहेत. मग त्यांच्या उजव्या हातातला पाना खाली पडला.

ते वाचले. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू टेकू लागला. पण मेंदूच्या ज्या भागातून शब्द निघतात तिथेच रक्ताची गाठ अडकली होती. सगळ्या भाषेतून त्यांच्याकडे दोनच शब्द उरले : "बरं का." बोलताना अधूनमधून तोंडात येणारे. भूक लागली, "बरं का." नर्स आवडली नाही, "बरं का!" शैलजा घरी जायला निघाली, की अगदी हळू, "बरं का…" विचारलेलं किती कळतं याचा भरवसा नव्हता. कधी ते होकारार्थी मान हलवायचे आणि चेहरा मात्र नाही म्हणायचा. मग स्वतःवरच चिडून डोळ्यांत पाणी आणायचे.

वाचोपचार करणाऱ्या मेघना कुडाळकर तरुण होत्या, पण बोलणं शांत. त्यांनी शैलजाला एक मऊ पट्टी दाखवली, गळ्याला बांधायची. "काका 'पाणी' म्हणायला जातात, तेव्हा जिभेला आणि कंठाला मेंदूकडून आदेश निघतो, पण वाटेत त्याचा चुराडा होतो. ही पट्टी तो चुरा ओळखते आणि तो शब्द त्यांच्या कानात त्यांच्याच आवाजात म्हणते. आपलाच आवाज ऐकून मेंदू त्या शब्दाची नवी वाट शोधायला लागतो. हळूहळू माणूस पट्टीच्या पुढे पळतो."

"मग बांधा की."

"आधी पट्टीला काका शिकवावे लागतात. ते कसे बोलायचे, कुठे थांबायचे, कुठल्या शब्दावर जोर द्यायचे. भाषणं नकोत, साधं बोलणं हवं, पण पुष्कळ हवं. आणि लवकर हवं. मेंदू वाटा पाडतो ते या पहिल्या काही महिन्यांतच."

शैलजानं फोन चाळला. नवऱ्याचे आवाजी निरोप होते : 'आलोच.' 'दूध आणू का?' 'हो.' लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या माणसाचा एवढाच आवाज तिच्याकडे होता. तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. "बोललेत हो," ती म्हणाली. "तासन् तास बोललेत. नदीशी."

ती रेकॉर्डिंगं चौकडीच्या तिजोरीत होती.

तिनं कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही उघडत नाही असं नाही. आम्हाला उघडता येतच नाही. चौघांची नावंही आम्हाला माहीत नसतात. म्हणूनच साहेबांनी आम्हाला निवडलं असणार." त्या आवाजात गुर्मी नव्हती, आणि शैलजाला त्याचाच जास्त राग आला.

सहा शब्दांचं वाक्य दिगंबरांच्या डोक्यात असेलच. शैलजानं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांना बरोबर कळलं. ते सावरून बसले, डोळे मिटले, ओठ जुळवले, कपाळावर घाम आला. बाहेर आलं ते "बरं का." पुन्हा. पुन्हा. डाव्या हातानं टाइप करायला गेले तर अक्षरं कशीही पडली. शेवटी तिनंच फोन काढून घेतला आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसली. दार असं घट्ट लावून घेणाऱ्या या माणसावर रागवावं, की त्याची कीव करावी, तिला कळेना.

दोन चकत्या हाताशी होत्या. तिसरी अक्काची. पण अक्का गणपतीनंतर गेली होती आणि भाच्यांनी घर आवरून भाड्यानं दिलं होतं. त्यांनी माळा उलथापालथा केला. मिळाली नाही.

राहिली चौथी. शैलजाला जवळजवळ खात्री होती, की ती इकबाल परकारांकडे असणार. गोवळकोटला त्यांच्या होड्या होत्या आणि दिगंबरांशी शाळेपासूनची दोस्ती. ती गेली तेव्हा इकबालभाई धक्क्यावर जाळं पसरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान खाली घातली.

"माझ्याकडे नाही, वहिनी. मलाच देत होता, मीच घेतली नाही. म्हटलं, दिगू, मी पाण्यावरचा माणूस, माझ्या खिशात काय टिकतं?" ते थोडा वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिले. "मग तो म्हणाला, बरं, मग कराडला जाऊन येतो."

"कराडला? कशाला?"

"पंपाचं काम असेल म्हणून मी विचारलं नाही."

कराडला पंपाचं कसलंच काम नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत शैलजाला ते कळून चुकलं होतं.

घरी आल्यावर ती दिगंबरांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसली. आतापर्यंत तिनं त्यांना कितीतरी नावं वाचून दाखवली होती. प्रत्येक नावाला मान हलली होती. एक नाव मात्र तिनं घेतलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "निनादकडे आहे का?"

दिगंबरांची मान हलली नाही. त्यांनी डावा हात पुढे केला, तिचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. जणू कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं होतं. "बरं का," ते म्हणाले.

शनिवारी ऋजुता आली, तेव्हा शैलजानं तिला पडवीत बसवून सांगितलं. ऋजुताचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"बाबा त्याला भेटायला गेले? मला न सांगता?"

"मलाही नाही सांगितलं."

"मी इथे येऊन रडत होते तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तिकडे जाऊन त्याला… म्हणजे ते कुणाच्या बाजूनं होते, आई?"

"तुझ्याच. पण त्यांना तो आवडायचा, ऋजू. त्याचं काय करणार होते ते?"

ऋजुता उठून परसात गेली. तिथे माडाच्या आळ्यात पायानं माती सारत बराच वेळ उभी राहिली. शैलजा म्हणाली, "मी करते फोन. तू नको करू." पण ऋजुतानं मान हलवली. "नंबर आहे माझ्याकडे. पुसला नव्हता."

तिनं फोन लावला. "निनाद, ऋजुता बोलतेय. बाबांची एक चकती तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"ती हवी आहे."

मग निनादनं फार सावकाश विचारलं, "बाबा आहेत ना?"

या चकत्या बहुधा मालक गेल्यावरच मागवल्या जातात, हे ऋजुताच्या तेव्हा लक्षात आलं. "आहेत. आहेत रे," ती घाईघाईनं म्हणाली. "बोलता येत नाहीये त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार्ली घाट उतरून निनाद आला. दारात उभा राहिला तेव्हा शैलजाला आधी दिसले त्याचे केस. बोटभरच, नव्यानं उगवलेले.

"ये, आत ये," ती म्हणाली. मग, "निनाद, काय झालं?"

"आई गेली, काकू. दिवाळीतच." पूर्वी तो तिला आई म्हणायचा. "बाबांना फोन केला होता त्या दिवशी. दोनदा केला. उचलला नाही. मला वाटलं, आता त्यांनीही…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "त्यांचं काही चुकलं असंही नाही म्हणत मी."

त्या दिवशी दिगंबरांचा फोन आवाज बंद करून हॉस्पिटलच्या पिशवीत, टॉवेलाखाली पडलेला होता. शैलजानं ते सांगितलं. निनाद उंबऱ्यापाशीच खाली बसला.

ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ज्या बाईच्या आजारपणावरून त्यांचं घर मोडलं, तिला तिनं चार महिने भरवलं होतं, तिची वेणी घातली होती. "मला का नाही कळवलंस?" ती म्हणाली.

"कुठल्या नात्यानं कळवू?"

ती आली आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवरच बसली. "त्रास झाला का त्यांना?"

"शेवटी नाही झाला. झोपेत गेली. आदल्या दिवशी तुझं नाव घेत होती. नर्सला ऋजू म्हणायची."

ऋजुता डोळे पुसत राहिली. शैलजा आत निघून गेली आणि चहाला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिनं लावला.

चहा झाल्यावर निनाद दिगंबरांच्या खोलीत गेला. त्याला बघताच त्यांनी चांगला हात वर केला. "बरं का! बरं का!" निनाद पाया पडला, आणि पडल्या जागी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसून राहिला. त्यांचा हात त्याच्या केसांवरून फिरला, थबकला, पुन्हा फिरला. ते काय समजायचं ते समजले.

"बाबा चकती घेऊन आले तेव्हा मी नको म्हणत होतो," निनाद सांगू लागला. "म्हटलं, आता माझा काय संबंध? तर म्हणाले, घटस्फोट तुमच्या दोघांचा झाला. माझं कुणी विचारलं होतं का?"

ऋजुतानं मान खाली घातली.

"आणि म्हणाले, सुरक्षेच्या दृष्टीनंही तूच उत्तम. चकत्या अशांना द्यायच्या असतात, जे एकमेकांशी संगनमत करणार नाहीत. तू आणि ऋजू मिळून माझी तिजोरी फोडाल, असं या जन्मात होणार नाही."

ऋजुता एकदम फस्सकन हसली. मग हसूच थांबेना. दिगंबर मुलीकडे बघत, मोठ्या रुबाबात म्हणाले, "बरं का." ती उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "फार शहाणे आहात तुम्ही," ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती. त्यांनी खरंच सुरक्षेसाठी केलं होतं की कशासाठी, ते विचारायची ती वेळ नव्हती, आणि सांगायला त्यांच्याकडे शब्दही नव्हते.

तिघांनी आपापल्या चकत्या फोनच्या पाठीला लावल्या. आधी शैलजानं, मग ऋजुतानं, शेवटी निनादनं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग नावं उतरू लागली. फोटो, दाखले, घरपट्टीच्या पावत्या. आणि त्याखाली नदीची रेकॉर्डिंगं, बोट सरकवून दमावं इतकी. शैलजानं मधलंच एक लावलं.

आधी वारा आला. मग दिगंबरांचा आवाज, धडधाकट, जरा सर्दी झालेला : "पाणी उतरलंय आज. खांबाशी एक बगळा बसलाय, मगापासून हललेला नाही. दुपारी शैलजानं फणसाची भाजी केली, मीठ घालायचं विसरली. मी काही बोललो नाही. तिनं पण खाल्ली, ती पण बोलली नाही…"

"म्हणजे यांना कळलं होतं!" शैलजा ओरडली.

दिगंबर मात्र हसत नव्हते. आपलाच आवाज ऐकून ते पुढे वाकले होते, बाहेरून कुणी हाक मारल्यासारखे. त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. आवाज न करता, अर्धा शब्द मागे राहून, पण हलत होते.

मेघना कुडाळकरांनी एवढं साहित्य कधी पाहिलं नव्हतं. पट्टी लवकरच तयार झाली. पहिला शब्द आला तो 'पाणी', आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मग 'शैला'. मग बरेच दिवस काहीच नाही. एका दुपारी तर त्यांनी पट्टी ओढून काढली आणि भिंतीवर मारली. शैलजानं ती उचलली, पुसली आणि काही न बोलता समोर बसून शेंगा सोलत राहिली. तास झाला असेल. त्यांनी हात पुढे केला, तिनं पुन्हा बांधली. उन्हाळा सरेपर्यंत त्यांना चार-पाच शब्द जोडून बोलता येऊ लागलं, प्रत्येक शब्दाआधी थांबून. आणि पट्टी कानात सांगायच्या आधीच ते बोलून मोकळे होऊ लागले.

तिजोरी एकदा उघडली की जुन्या चकत्या निकामी होतात. त्यामुळे पुन्हा निवडायची वेळ आली. मोठ्या कंपनीची जाहिरात शैलजाच्या फोनवर रोज यायची : आम्ही आहोत, तुम्ही विसरलात तरी चालेल. या वेळी निर्णय तिच्यावर होता. तिनं चौकडीच ठेवली. फक्त एक बदल केला : चौघांनी एकमेकांना ओळखायचं, वर्षातून एकदा तिच्या हातचं जेवायचं. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. "न बसू दे," ती म्हणाली. "चोर माझ्याकडे जेवायला येणार आहे का?"

इकबालभाईंनी या वेळी चकती घेतली, आणि खिशात न ठेवता बायकोकडे दिली. निनादची चकती पाकिटात घालून शैलजा कुरिअरला निघाली होती. ऋजुतानं ते पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे. मी नेऊन देते."

"पुण्याहून कराडला? मुद्दाम?"

"निनादच्या आईंच्या फोटोला हार घालायचा राहिलाय माझा," ऋजुता म्हणाली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

त्या रविवारी दुपारी ती कराडला पोचल्याचा निरोप आला, तेव्हा दिगंबर खिडकीशी बसले होते. त्यांनी शैलजाकडे फोन मागितला. नाव त्यांनीच शोधलं, डाव्या अंगठ्यानं. शैलजा पट्टी बांधायला पुढे झाली तर नको म्हणाले.

"बोला बाबा," पलीकडून निनाद म्हणाला.

दिगंबरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शैलजाचे हात आपोआप पट्टीकडे गेले, पण तिनं ते आवरले. पलीकडे निनादनंही घाई केली नाही.

"त्या… दिवशी," दिगंबर म्हणाले. थांबले. "तुझा… फोन… घेता नाही आला."

पलीकडून ऋजुताचा आवाज लांबून आला, "निनाद, काय म्हणताहेत बाबा?"

"आता… सांग," दिगंबर म्हणाले. "आईचं."

आणि निनाद सांगू लागला. आधी अडखळत, त्या दिवशीचं. डॉक्टरांचं, गावाहून आलेल्या मामांचं. मग त्याच्याही मागचं, तो शाळेत असतानाचं, आई कोयनेच्या काठी धुणं धुवायला जायची तेव्हाचं. दिगंबरांना आता मध्ये बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. फोन कानाशी घट्ट धरून, ऊन अंगावर येईपर्यंत, ते ऐकत राहिले.